विमानाने चार मिनिटं

रोहा ते पेण विमानाने चार मिनिटं लागतात, ही माहिती काळुरामने लग्न ठरल्यापासून इतक्या जणांना ऐकवली होती, की परक्या माणसाला वाटावं, याच्या अंगणातूनच विमान सुटतं. रोह्याला विमानतळ नाही आणि पेणलाही नाही. पण पुतण्याने, हितेशने, मोबाइलवर दोन गावांमधलं अंतर सांगणारं एक पान त्याला उघडून दिलं होतं. त्यात लिहिलं होतं, हवाई अंतर तेहतीस किलोमीटर, विमानाने चार मिनिटं. त्याखाली रस्त्याचाही आकडा होता, पण तो काळुरामने वाचलाच नाही. पोराला बायको जवळच्या गावची मिळाली, हे लोकांच्या गळी उतरवायला वरचा आकडा पुरेसा होता.

रस्त्याचा आकडा आज त्याच्या मुलीच्या, सगुणाच्या नशिबी आला होता. नागोठणं मागे पडून बराच वेळ झाला होता आणि त्यांची इको गाडी सिमेंटच्या एका ट्रकमागे उभी होती. मे महिना, त्यात शनिवार. अर्धी मुंबई कोकणात निघाली होती आणि उरलेली कोकणातून परत येत होती. सगुणा मागच्या सीटवर बसली होती असं म्हणायचं, एवढंच. सीटच्या कडेला टेकून, पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून, मान लांब करून ती ट्रकच्या पलीकडचं बघायची धडपड करत होती.

"निकेश, बाजूने नाय का काढता येणार?"

"बाजूला खड्डा हाय ताई," ड्रायव्हर निकेश म्हणाला. "तिकडं घातली तर गाडी क्रेननंच निघंल."

सगुणाच्या शेजारी मालू आजी बसली होती आणि आजीच्या मांडीवर झाकण घट्ट लावलेला पितळी डबा होता. त्या डब्यात हळद होती. लग्नाच्या आदल्या दिवशी आधी नवऱ्या मुलाला हळद लागते, मग त्यातलीच उरलेली नवरीकडे जाते. ती उष्टी हळद. ती येईपर्यंत नवरी पाटावर बसून राहते आणि तिच्याकडची सगळी माणसं दाराकडे डोळे लावून असतात. पेणजवळच्या हमरापूरला नवरी भूमिका अशीच बसली होती. हळद दिवस मावळायच्या आत आली पाहिजे, एवढी एकच अट तिच्या आईने, हौसाबाईने, घातली होती. देण्याघेण्याचं नाही, मानपानाचं नाही, फक्त हे. रोह्याकडच्या मंडळींना त्याचं हसू आलं होतं. एवढंच ना? चार मिनिटांचा रस्ता, म्हणाला काळुराम.

डबा हळदीने भरलेला होता, पण ती हळद उष्टी नव्हती.

नवरा मुलगा, म्हणजे सगुणाचा धाकटा भाऊ नितेश, मस्कतला एका कंपनीत होता. तो पहाटेच्या विमानाने यायचा होता. विमान पहाटे निघालं नाही. उजाडलं, मांडवात पाट मांडला गेला, हळद वाटून झाली, पाच सवाष्णी नटून आल्या, आणि मग नितेशचा मेसेज आला, "बसलो विमानात." त्यानंतर काहीच नाही. त्याचं तिकडचं कार्ड इकडे चालत नाही, हे सगुणाला ठाऊक होतं, तरी ती दर थोड्या वेळाने फोन लावत होती आणि एक बाई तिला दर वेळी तेच इंग्रजी वाक्य ऐकवत होती.

दुपारी काळुरामने आपल्या डोक्याने मार्ग काढला. नितेशचा नवा सदरा घडी करून पाटावर ठेवायचा, सदऱ्यावर सुपारी ठेवायची, सुपारीला हळद लावायची आणि पाठवून द्यायची. पोरगा संध्याकाळपर्यंत येतोच आहे, मग आपण त्याला निवांत लावू. कोणाला काय कळतंय? हितेश तर म्हणाला, सुपारीपेक्षा फोटो बरा, फोटोत तोंड तरी दिसतं. तेव्हा चुलीपाशी उभी असलेली सगुणा एकदम ओरडली होती.

"फोटोला हळद नाय लावायची. फोटोला काय घालतात ते मला ठाव हाय."

तिच्या नवऱ्याच्या फोटोला तिने स्वतः हार घातला होता, त्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नात ती चुलीपाशी असायची. तिला कोणी जा म्हणायचं नाही आणि कोणी ये पण म्हणायचं नाही. आई गेली तेव्हा नितेश दुसरीत होता. त्याचा डबा, त्याचे गणवेश, त्याच्या तापातल्या रात्री सगळं सगुणाने केलं होतं. पण आज त्याच्या हळदीला पाच सवाष्णी हव्या होत्या आणि ती सहावीसुद्धा नव्हती.

सुपारीला हळद लागली. सगळ्यांना वाईट वाटलं ते मालू आजीच्या वागण्याचं. मालू आजी गावची धवलारीण. पाट मांडण्यापासून नवरी उंबरा ओलांडेपर्यंत लग्नातल्या एकेका गोष्टीला तिचं गाणं लागतं, आणि ती गायली नाही तर ती गोष्ट झाली असं जुनी माणसं मानत नाहीत. सुपारी बघून आजीने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "लावा तुमची. मी गात नाय." काळुरामने हात जोडले, चिडला, पुन्हा हात जोडले. आजी गायली नाही. मात्र डबा भरल्यावर तिने तो उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि जाऊन गाडीत बसली. तिला धरायला म्हणून सगुणा बसली. सवाष्णी काळुरामबरोबर दुसऱ्या गाडीत बसल्या, आणि ती गाडी भिसे खिंडीकडे वळायच्या ऐवजी कोलाडकडे गेली, कारण काळुरामच्या फोनने तिकडचा रस्ता निळा दाखवला होता.

आता ती गाडी कोलाडच्या पुढे कुठेतरी अडकली होती. "येतोच," असं काळुरामने फोनवर सांगितलं होतं. मागून सगळ्या बाया एकदम बोलत होत्या, त्यावरून गाडी मुळीच हलत नसावी.

ट्रक चार हात पुढे गेला आणि थांबला. इकोही चार हात पुढे जाऊन थांबली. सगुणाचा फोन वाजला. भूमिका.

भूमिका हमरापूरच्या गणपती कारखानदारांची मुलगी. ती मूर्तींचे डोळे आखते. नितेशने पहिल्या भेटीनंतर बहिणीला एवढंच सांगितलं होतं, की ती बोलताना समोरच्याकडे फार लक्ष देऊन बघते. सगुणाला ती तेव्हाच आवडली होती.

"ताई," भूमिका हळू आवाजात म्हणाली. मागे बायांचा गलका होता. "लागली का हळद?"

सगुणाने डब्याकडे पाहिलं. मालू आजी खिडकीबाहेर बघत होती.

"लागली गो," सगुणा म्हणाली.

मग भूमिका म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.

सगुणाला वाटलं, सुटलो. पण तो "बरं" तिच्या कानातून जाईना. आनंदाचा नव्हता तो. ऐकून घेतल्याचा होता. तिने पदराने मान पुसली, काच खाली केली, धूळ आली म्हणून वर केली, पुन्हा खाली केली.

निकेशने आरशातून पाहिलं. "भूमिकाचा होता काय? घाबरणारच ती. आमचं जिते गाव हमरापूरच्या शेजारीच, तिथं सगळ्यांना म्हाईत हाय ना."

"काय म्हाईत हाय?"

निकेशने जीभ चावली. पण मागची बाई आता सोडणार नाही, हे त्याला तिच्या आवाजावरून कळलं. "तुम्हाला नाय सांगितलं काय? तिचं आधी एक लग्न ठरलेलं. पोरगा दुबईला. हळदीच्या दिवशी उष्टी हळद आली टायमावर, वाजतगाजत. हळद लागली, बाया नाचल्या. आणि दुसऱ्या दिवशी पोरगाच नाय. तो विमानात बसलाच नव्हता. त्यांनी नुसती हळद पाठवलेली, मागनं येईल म्हणून. पिवळ्या अंगानं ती पोरगी दुपारपर्यंत मांडवात बसलेली, ताई. माझी आय तिथं होती."

सगुणाचे हात पुढच्या सीटवरून खाली आले.

सोयरीक मोडली होती एवढं त्यांना सांगितलं होतं. कशी मोडली ते हौसाबाईने सांगितलं नव्हतं, आणि कोण कशाला सांगेल? त्या बाईने नुसती अट घातली होती, आणि आपण तिला हसलो होतो. त्या लोकांनी जे केलं, अगदी तेच आपण केलं. वर मी पोरीला सांगितलं, लागली गो. सगुणाला स्वतःचीच शिसारी आली.

"गाडी फिरव," ती म्हणाली.

"कुठं फिरवू? मागं बघा."

मागे वाहनांची रांग होती, पुढे रांग होती, दुभाजकापलीकडे उलट दिशेची रांग होती. लिंबू सरबतवाला गाड्यांमधून आरामात चालत होता. त्या रस्त्यावर तेवढा एकच माणूस वेळेवर पोचणार होता.

"आजे, तुला ठाव होतं?" सगुणाने विचारलं.

"मना कोन सांगतंय?" मालू आजी म्हणाली. "पन मानूस नसताना मानसाची हलद पाठवायची नसते, एवढा मना ठाव हाय. तुज्या बापाला तो पन ठाव नाय."

सगुणाला भूमिकाला फोन करून खरं सांगावंसं वाटलं. तिने नंबर काढला आणि खोडला. काय सांगणार? की हळद खोटी आहे आणि माणूस कुठे आहे ते आम्हालाच माहीत नाही? हे ऐकून पोरगी पाटावरून उठली तर? आणि नाही सांगितलं, हळद लावून दिली, आणि विमान खरोखरच कुठेतरी अडलं तर? तिने दार उघडलं, रस्त्यावर पाय ठेवला, ट्रकपर्यंत चालत जाऊन पुढे पाहिलं. वडखळच्या पुलापर्यंत नुसत्या गाड्यांच्या टपांवर ऊन चमकत होतं. ती परत आली, गाडीत बसली आणि पुन्हा उतरली. ऊन खाडीकडे कलायला लागलं होतं.

गाडी रखडत रखडत पुलाजवळ आली आणि तिथे कायमची थांबली. पुढे एक कंटेनर आडवा झाला आहे, असं सरबतवाल्याने सांगितलं. सगुणा पुन्हा उतरली, तेवढ्यात तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर. ती उचलणारच नव्हती.

"ताय, मी बोलतोय. टॅक्सीवाल्याचा फोन हाय हा."

"नितेश! कुठं हायस तू? उतरलास?"

"कवाचाच उतरलो. पनवेलपर्यंत बरा आलो, पेणपण सुटला. आता इथं अडकलोय बघ. दोन्ही बाजू बंद. घरी सगळी खोळंबली असतील ना? बाबा चिडलाय का?"

"इथं म्हणजे कुठं?"

"वडखळला. पुलाच्या खाली."

सगुणा ज्या खांबाला टेकून उभी होती, तो पुलाचाच खांब होता. तिने दुभाजकापलीकडच्या रांगेकडे पाहिलं. पांढऱ्या टॅक्स्या काय कमी होत्या? ती फोन कानाला लावून रस्त्याच्या कडेने धावली. चाळिशीतली बाई, नऊवारी नव्हे तरी जरीची साडी, पायात नवीन चपला. एसटीतली माणसं खिडक्यांतून बघू लागली.

"टॅक्सीतून बाहेर ये. हात वर कर."

"कशाला?"

"कर म्हणते ना!"

पाचसहा गाड्यांपलीकडे एक हात वर आला. सगुणाला रडू फुटलं. तिने ते पुसलं नाही, तशीच ओरडली, "इकडं! नित्या, इकडं!" आणि तो दुभाजकावरून उडी मारून आला. चुरगळलेला टी-शर्ट, झोप न झालेले डोळे, दोन दिवसांची दाढी. बहीण रस्त्यावर कशी, हेच त्याला कळेना. ती त्याच्या दंडाला धरून त्याला गाडीकडे ओढत होती आणि चालता चालता सगळं सांगत होती, सुपारीचं, सदऱ्याचं, दुबईच्या पोराचं, भूमिकाच्या फोनचं. शेवटचं ऐकल्यावर नितेश थांबला.

"तिनं मलापण नाय सांगितलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "चल. लावा."

निकेशने पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट रिकामा करून पुलाच्या सावलीत उलटा ठेवला, त्यावर टॉवेल टाकला. नितेश त्यावर बसला. मालू आजीला उतरवलं. आजीने डबा उघडला आणि सगुणापुढे धरला.

सगुणा मागे सरकली.

"मी नको. त्या एसटीत बाया हायत. त्यांतल्या कोणाला बोलवू या. पाच मिळतील."

"पयला हात आयशीचा असतो," आजी म्हणाली. "त्याची आय काय एसटीत बसलीय?"

"आजे, माझा हात चालत नाय. तुला ठाव हाय."

"माजा घो जाऊन किती पावसाले झाले?" आजीचा आवाज चढला. "तरी माज्या तोंडाशिवाय तुमच्या गावाची एक हलद लागत नाय. माजा तोंड चालतंय आनि तुजा हात नाय चालत? कोनी ठरवला हा? त्याला न्हाऊ घालत होतीस तवा हात कुनाचा होता गो?"

सहा वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं आणि तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं. तिला भीती वाटत होती, अगदी खरी भीती. आपला हात लागला आणि पुढे त्या दोघांचं काही झालं, तर लोक सोडा, मीच मला माफ करणार नाही. तिने हात पदरात गुंडाळला.

नितेशने तो पदरातून काढला, डब्यात बुडवला आणि आपल्या गालावर ठेवला.

"ताय, मागची टॅक्सी हॉर्न मारतेय," तो म्हणाला. "लवकर लाव."

मग मालू आजी गायला लागली. दिवसभर दाबून ठेवलेला आवाज, जुना आणि थोडा फाटलेला, पुलाखाली असा घुमला की हॉर्न मारणाऱ्यांनी हात आवरले. सगुणाने भावाच्या दोन्ही गालांना हळद लावली, कपाळाला लावली, दंडाला लावली. दाढीच्या खुंटांवर हळद चिकटत नव्हती, म्हणून तिने पुन्हा पुन्हा लावली. आणि जास्तीची हळद तिने त्याच्या गालावरून निपटून परत डब्यात घातली, कारण ती उष्टी व्हायला हवी होती. एसटीतून दोन बाया न बोलावता उतरल्या. त्यांनी नितेशला हळद लावली, सगुणाच्या डोक्यावरून बोटं मोडली, आणि एसटी हलली तशा पळत जाऊन चढल्या.

कारण रांग हलली होती. नितेश पिवळ्या तोंडाने दुभाजक ओलांडून गेला. त्याच्या टॅक्सीवाल्याने त्याला शिव्या दिल्या की आशीर्वाद, ते ऐकू आलं नाही.

हमरापुरात शिरताना सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखान्यांच्या शेडमध्ये न रंगवलेले पांढरे गणपती ओळीने बसले होते. भूमिकाच्या दारातला बँड वाजत नव्हता. वाजवणारे खुर्च्यांवर बसून चहा पीत होते. गाडी थांबताच हौसाबाई पुढे आली. तिने मालू आजीला पाहिलं, सगुणाला पाहिलं, आणि मग त्यांच्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"बाकीची मानसं कुठं हायत?"

"कोलाडला अडकलीत. येतायत मागनं."

मागनं. तो शब्द तोंडातून गेल्यावर सगुणाला कळलं, आपण काय बोललो ते. हौसाबाईचा चेहरा दगडासारखा झाला. कुंकू नसलेल्या दोन बाया, हातात हळदीचा डबा आणि माणसं मागनं येणार.

"पयला हात कुनाचा लागला?" हौसाबाईने विचारलं.

वैशालीचा, असं सांगता आलं असतं. वैशाली हितेशची बायको, पाच सवाष्णींतली थोरली, सुपारीला पहिली हळद तिनेच लावली होती. ते तसं फारसं खोटंही नव्हतं. पण सगुणाचा उजवा हात मनगटापर्यंत पिवळा होता आणि आता तिला आणखी एक खोटं झेपणार नव्हतं.

"माझा," ती म्हणाली. पाटावर बसलेल्या भूमिकाकडे बघूनच तिने पुढचं सांगितलं. "तुझा फोन आला तवा मी खोटं बोलली. तवा हळद नुसती सुपारीला लागलेली. नितेश पोचलाच नव्हता. तुझं मागलं मला तवा ठाव नव्हतं, पण ठाव नव्हतं म्हणून खोट्याचं खरं होत नाय. मग वडखळला तो भेटला, समोरच्या रांगेत. तिथंच पुलाखाली बसवला आणि लावली. मीच लावली. दुसरं कोणी नव्हतं. आता तुम्ही सांगाल तसं."

"वडखळला?" मांडवातली एक बाई म्हणाली. "रस्त्यावर? मागच्या येळंला पन अशीच सांगत होती सगली."

हौसाबाईने डबा आपल्या हातात घेतला. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. सगुणाला तिचा राग आला नाही. आपण तिच्या जागी असतो तर डबा उकिरड्यावर ओतला असता, असं तिला वाटलं.

"आई, तो डबा दे," भूमिका म्हणाली.

ती दुपारपासून त्या पाटावर होती. डोळ्यांतलं काजळ पसरलं होतं, पण नजर तशीच होती, मूर्तीची भुवई नीट आली की नाही ते बघणारी. तिने डबा उजेडाकडे तिरका धरला. बराच वेळ पाहिलं. मग बोटाच्या टोकाने हळदीतून काहीतरी अलगद उचललं आणि आईपुढे धरलं. बारीक, काळा, ताठ केस.

"यानं दाढी नाय केलेली," ती म्हणाली.

हौसाबाई वाकून बघत राहिली.

"सुपारीला दाढी येत नाय, आई," भूमिका म्हणाली आणि हसली. हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला, आणि मग ती अशी रडली की मांडवातली एकही बाई कोरडी राहिली नाही. "आलाय गो. खरंच आलाय तो."

सगुणाचा फोन वाजत होता. टॅक्सीवाल्याचा नंबर. तिने न बोलता तो भूमिकाच्या कानाला लावला. नितेश काय म्हणाला ते कोणाला कळलं नाही. भूमिका डोळे पुसत म्हणाली, "ताई सांगतात त्या पुलाखाली? अजून तिथंच?" आणि बाया रडता रडता हसायला लागल्या. बँडवाल्यांनी चहाचे कप खाली ठेवले. मालू आजीने कोणाची परवानगी न घेता गायला सुरुवात केली.

हौसाबाईने डबा भूमिकाच्या हातून घेतला. तिच्याकडच्या सवाष्णी पुढे झाल्या, तशी तिने त्यांना हाताने थांबवलं. मग पाटासमोरची जागा पदराने झाडली आणि सगुणाकडे पाहिलं.

"ये गो बाय. बस इथं," ती म्हणाली. "ज्या हातानं त्याला लावलीस, त्याच हातानं हिला लाव."

सगुणा बसली. कडेला टेकून नाही, नीट मांडी घालून, चुलीपासून दूर, मांडवाच्या मधोमध. भूमिकाने ओले गाल पुढे केले. सगुणाचा उजवा हात पिवळा होताच. तिने डावाही डब्यात बुडवला.